हालू नको

१

स्वरूपला शांत उभा असलेला बघितलाय असा माणूस उत्तनच्या कोळीवाड्यात शोधून सापडला नसता. शाळेत बाई ओरडायच्या, हलू नको. न्हावी वस्तरा वर धरून ओरडायचा, हलू नको. आधार कार्डाच्या फोटोला तर सेंटरवाल्या मॅडमने हात जोडले, "भैया, बस एक सेकंड!" तरी हा हललाच. कार्डावर त्याला तीन कान दिसतात.

दहावीत गणिताने त्याला सोडलं, मग त्याने शाळेला सोडलं, फिट्टंफाट. तेव्हापासून पोराचा उद्योग एकच, लोकांचा पोपट करणं. बर्फाच्या पेटीत रबरी साप टाक, दर्यावर फिरायला आलेल्या जोडप्याच्या बॅगेत सुका बोंबील सरकव. शिव्या खायचा आणि ढेकर देऊन पुढे जायचा.

पण त्याची खरी पब्लिक एकच, त्याची आई. मंदा सकाळी भाईंदरच्या बाजारात म्हावरं विकायला बसायची, दुपारी रिकामा टब घेऊन बसने परत यायची आणि दारातल्या पायरीवर पाय पसरायची. की लगेच हा तोच टब डोक्यावर घेणार, टॉवेलचा काष्टा मारणार आणि तिचीच नक्कल चालू करणार. "ए भवान्या, बोट लावू नको! पापलेट हाय ते, तुझा जावय न्हाय!"

मंदा हसली की अख्खी हलायची. पोट, खांदे, बांगड्या, सगळं. मग डावा हात गळ्याखालच्या हाडावर दाबून धरायची. "पुरं रं सरूप, हसवू नको. डबा हालतो माझा."

डबा म्हणजे पेसमेकर. मागच्या वर्षी बाजारात चक्कर येऊन पडली तेव्हा डॉक्टरांनी डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं मशीन बसवलं होतं. तिचं हृदय मध्येच दम घ्यायला थांबतं, तेव्हा हे मशीन त्याला ढोसतं. डॉक्टर सरळ माणूस, गोल गोल बोलला नाही. म्हणाला, "हे बंद पडलं तर बाई बंद."

स्वरूपचा बाप राघो बोटीवर. एकदा आत गेला की बरेच दिवस ना फोन ना पत्ता. म्हणजे डब्यावर लक्ष ठेवायचं काम घरात एकट्या स्वरूपचं. टिवल्याबावल्या कितीही करू दे, हे काम तो मन लावून करायचा. आई झोपली की हळूच दोन बोटं तिथे ठेवून बघायचा.

२

तर झालं काय, एक दिवस गोरं जोडपं आलं. गळ्यात हाताएवढे कॅमेरे. मंदा बोंबलांच्या वलांडीपाशी, म्हणजे त्या बांबूंवर बोंबील वाळत टाकतात तिथे, उभी होती. गोरीला ती लय आवडली. पण फोटो काही काढेना. आधी प्लास्टिकचा टब बाजूला ठेवायला लावला. मग खुणेने, मोबाइल लपव. मग चष्मा काढ. मग मनगटावर बोट ठेवून, घड्याळ नको.

मंदा भडकली. "घड्याळ काय चावतंय काय गं तुना? माना आठची बस धरायची अस्ते, तुझा नवरा येतो काय टाइम सांगाला?"

घड्याळ राघोने दिलं होतं, डबा बसवला त्या आठवड्यात. आंघोळीलासुद्धा निघायचं नाही. गोरी हिरमुसली आणि पाठीमागच्या मोबाइल टॉवरला शिव्या देत निघून गेली.

स्वरूपच्या डोक्यात तिथे ट्यूब पेटली. यांना जुनंच पायजे ना? आपण देऊ की जुनं!

त्याचा दोस्त अल्पेश भाईंदर ईस्टला राहायचा, मोबाइलवर फोटो असे फिरवायचा की म्हशीला परी करेल. दोघांनी नेटवर एक परदेशी पान शोधलं. जुन्या काळच्या आपल्याकडच्या लोकांचे तपकिरी फोटो, पखालवाला, हमाल, गारुडी, आणि खाली गोऱ्या लोकांचे उसासे, किती शांत, किती खरं, आता हे जग राहिलं नाही. नाव कोणाचंच नाही. नुसतं हमाल. नुसती कोळीण.

"भाई, इथे तुझ्या आईला चिकटवायची," अल्पेश म्हणाला. "दीडशे वर्ष जुनी कोळीण म्हणून. सगळे रडतील. मग आपण दुसऱ्या दिवशी तिचा बाजारातला व्हिडिओ टाकायचा, घड्याळ दाखवत. च्यायला, काय पोपट होईल!"

प्लॅन एकदम कडक होता. खोट कुठेच दिसत नव्हती.

३

केबिन रोडच्या एका गल्लीत, फरसाणाच्या दुकानावर, जयकुमारकाकांचा स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, बारशाचे फोटो, बाकी मोबाइलने धंदा खाल्लेला. मागच्या खोलीत त्यांच्या आजोबांच्या वेळचं सामान पडलं होतं. फोर्टात कोणा गोऱ्या साहेबाचा फोटोचा कारखाना बंद झाला तेव्हा आजोबांनी उचललेलं. एक रंगवलेला पडदा, त्यावर खांब, कमान, माड आणि आपल्याकडे कधीच नसतं असलं धुकं. आणि एक लोखंडी स्टँड. तीन पाय, मध्ये दांडा आणि वर दोन बोटांचा चिमटा. त्यावर काकांनी रेनकोट वाळत घातला होता.

"हे काय, सलाइनचं?" स्वरूप म्हणाला.

"अरे दीकरा, मान धरायचा आहे," काका हसले. "तेव्हा फोटो निघायला वेळ लागायचा. माणूस हलला की खलास, त्याच्या जागी धूर. म्हणून मागून हा चिमटा लावायचे, पुढून दिसायचा नाही. हे बघ." भिंतीवरच्या फ्रेमवर त्यांनी बोट ठेवलं. गोण्या, हमाल आणि एक कुत्रा. कुत्र्याला चार पाय होते, शेपूट होती, डोकं नव्हतं. डोक्याच्या जागी नुसता राखाडी फराटा. "हललं ते. फोटोतून सुटलं."

"साहेब विकायचा हे?"

"विलायतेला! खूप चालायचे. दादाजी सांगायचे, साहेब एकदम कटकट्या. कोणाच्या पायात बूट नको, हातात छत्री नको, घड्याळ तर नकोच. तिकडच्या लोकांना आपण जसे पाहिजे होतो तसे उभे करायचा." काकांनी रेनकोट काढून घेतला. "ले जा, ले जा. पडदा पण ने. जागा मोकळी होईल माझी."

तुम्हाला वाटेल, काकांनी काहीतरी ताकीद दिली असेल. अजिबात नाही. त्यांनी उलट दोघांना फरसाण खायला घातलं.

४

दुपारी अंगणात पडदा टांगला. मंदाने लग्नातलं लाल लुगडं नेसलं, केसात अबोलीची वेणी माळली. नाटक करायला तीही पोरासारखीच एक नंबर. फक्त घड्याळ काढेना.

"मावशी, प्लीज, बस दोन मिनिट," अल्पेश.

"न्हाय म्हंजे न्हाय. चष्मा पन न्हाय काढनार. तुझा तो मोबाइल हाय ना, त्यात खोड काय खोडायचं ते."

स्वरूपने स्टँड तिच्या मागे लावला, चिमटा मानेत बसवला. तिने अंग चोरलं. "थंड हाय रं. बर्फातून काडलास काय?" भर उन्हात तासभर पडलेलं लोखंड होतं ते. स्वरूपने हात लावून बघितलं, त्याला गरम लागलं.

अल्पेशने ट्रायपॉडवर मोबाइल लावला. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून वर काळी चादर टाकून आत डोकं घातलं, आणि जुन्या साहेबाची ॲक्टिंग करत चादरीतून एक हात बाहेर काढून पंजा दाखवला. "हलू नको, बाय! हलू नको!"

मंदा हसायला पाहिजे होती. एवढ्याशा गोष्टीवर ती नेहमी फुटायची. पण ती नाही हसली. हनुवटी वर, नजर कुठेतरी चादरीच्या आत, अशी उभी. वाऱ्याने वेणीतली एक अबोली गालावर आली, तिने झटकली नाही. एक माशी चष्म्याच्या काचेवर चालत गेली. पापणी हलली नाही.

"झालं, मावशी," अल्पेश चादरीतून बाहेर आला. "मावशी, झालं."

थोड्या वेळाने ती हलली, पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला आणि म्हणाली, "कवा झालं?"

संध्याकाळी अल्पेशने तपकिरी रंग मारून फोटो पाठवला. भारीच आला होता, स्वरूपलासुद्धा आई ओळखू येईना. मग त्याने मनगट मोठं करून बघितलं. घड्याळ नव्हतं.

त्याने लगेच फोन लावला. "घड्याळ मस्त उडवलंस रे."

"मी कुठे उडवलं? तू काढायला लावलंस ना तिला?"

"अबे, तुझ्यासमोरच तर भांडली ती!"

दोघेही एकमेकांवर हसले. दोघांनाही वाटलं समोरचा फेकतोय. फोटो पानावर चढला आणि रात्रीतून हजारो लोक उसासे टाकून गेले. खाली लिहिलं होतं, कोळीण, मुंबईचा किनारा.

५

दुसऱ्या दिवशी मंदा बाजाराला गेलीच नाही. आठची बस सुटली. स्वरूप उठून बघतो तर आई पायरीवर, ऊन पार चुलीपर्यंत आलेलं.

"आये, बस गेली ना! घड्याळ बंद पडलं काय?"

"कसलं घड्याळ?"

"तुझं! बाबाने दिलेलं."

मंदाने मनगट वर करून बघितलं. "माना रं कुठं घड्याळ? माना वाचता तरी येतं काय?" आणि ती हसली पण नाही, खवळली पण नाही. नुसती म्हणाली.

आता इथे तुम्ही असता तर घाबरला असता. स्वरूप नाही घाबरला. त्याला वाटलं, आयला, म्हातारी माझाच पोपट करते! बरोबर होतं त्याचं, पोरगा कोणावर गेला होता? त्याने अख्खं घर उलटंपालटं केलं. तांदळाचा डबा, देवाचा कोनाडा, गादीखाली. घड्याळ नाही. आणि त्याला दिसलं ते हे, की आईच्या मनगटावर पट्ट्याखालची जी गोरी रेघ असायची ती पण नव्हती. हात सगळीकडे सारखाच काळा, कधी काही बांधलंच नसल्यासारखा.

मेकअप लावला असेल, त्याने ठरवलं. डोकं असंच असतं, कुठेही टेकू शोधतं.

दुपारी फोटो परत उघडला. काल होता तो चष्मा आता नव्हता. फोटो काढताना पायाशी प्लास्टिकचा टब होता, तिथे आता वेताची पाटी होती.

तो स्वयंपाकघरात धावला. मंदा तांदूळ निवडत होती. ताट नाकाला लागलेलं, डोळे बारीक केलेले. खडे तांदळात राहत होते आणि तांदूळ बाहेर पडत होते.

"आये, चष्मा घाल ना."

"चष्मा मास्तर घालतात," मंदा म्हणाली.

"बस झालं हा आता. मस्करी पुरे. तू जिंकलीस, मी हरलो."

तिने वर बघितलं. तिला तो धूसर दिसत असणार, पण त्या नजरेत तेवढंच नव्हतं. अंगणात उभं राहून ती चादरीत बघत होती, तशीच ती त्याच्यात बघत होती. मस्करीचा एक कणसुद्धा तिच्या तोंडावर नव्हता.

स्वरूपने तिथल्या तिथे मोबाइलने तिचा एक साधा फोटो काढला, अल्पेशला दाखवायला. फोटोत ओटा, गॅस, ताट, आई. आणि आईच्या टाचांच्या मागे, फरशीवर, लोखंडाचे तीन पाय.

त्याने मान वर करून बघितलं. आईच्या मागे भिंत होती. स्टँड बाहेर अंगणात होता, पडद्यापाशी, जिथे ठेवला तिथेच. कावळा बसला होता त्यावर.

६

अल्पेशला बोलावलं. त्याने पानावरचा फोटो काढून टाकला. काय उपयोग, तोपर्यंत लोकांनी तो उचलून जगभर नेला होता. कोणी टी-शर्टावर छापला, कोणी कपावर. मोबाइलमधून उडवला तर दुसऱ्या मिनिटाला परत तिथेच.

"भाई," अल्पेशने स्क्रीन त्याच्यापुढे धरली. "हा बघ ना. हात बघ."

डावा दंड. मंदाच्या डाव्या दंडावर लहानपणीच्या लशीचा गोल वण होता, रुपयाएवढा, कडेने सुरकुतलेला. स्वरूप लहान असताना त्यावर बोट ठेवून झोपायचा. फोटोत तो दंड गुळगुळीत होता.

स्वरूप आत गेला. आईने विचारायच्या आत तिची बाही वर सारली. गुळगुळीत.

घड्याळ हातावर होतं. चष्मा नाकावर होता. वण कातडीत होता. म्हणजे ते आता आत शिरलं होतं. आणि त्या वणापासून डब्यापर्यंत अंतर किती, तर वीतभर.

"आये, डबा दाखव."

"कसला डबा?" मंदा म्हणाली.

त्याने दोन बोटं तिच्या हाडाखाली दाबली. होता. पण मऊ लागला, पाण्यात भिजलेल्या साबणासारखा.

रिक्षा करून दोघांनी तिला भाईंदरला नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, कपाळाला आठ्या घातल्या, एक्स-रे काढायला लावला. एक्स-रेवाल्याने फिल्म दिव्यावर धरली. बरगड्या अशा स्वच्छ, एकेक मोजून घ्या. डब्याच्या जागी फक्त राखाडी ढग, कडा विरघळलेल्या.

"बाई हलली काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय सर. मी आजवर एवढं स्थिर कोणी बघितलं नाही. दगड."

"मग एकटं मशीनच कसं हललं?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले, आणि मग स्वरूपकडे वळले. "आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात न्या. घरी जाऊन जुनी फाइल घ्या आणि निघा. वडील कुठे आहेत?"

"दर्यात," स्वरूप म्हणाला. राघोला त्याने परत एकदा फोन लावला. तीच बाई बोलली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

७

फाइल गादीखाली होती. घेऊन बाहेर येईपर्यंत किती वेळ लागतो? तेवढ्यात मंदा अंगणातून दिसेनाशी झाली असती तरी बरं झालं असतं. ती अंगणातच होती. पडद्यासमोर, त्या खोट्या माडाखाली. हनुवटी वर. चिमटा मानेत. कोणी लावला ते अल्पेशलाही माहीत नव्हतं, तो रिक्षावाल्याला थांबवायला दारात गेला होता.

"आये, चल."

तिने ऐकलंच नाही. स्वरूपने हात धरून ओढलं. अल्पेशने दुसरा हात धरला. दोन पोरं, दोघांचे पाय मातीत घसरले, ती तसूभर हलली नाही. स्टँड ढकलला, तो जमिनीत उगवल्यासारखा. स्वरूपने तिच्या मनगटावर बोट ठेवलं. ठोका आला. मग आलाच नाही, आलाच नाही. मग एक आला.

"ॲम्ब्युलन्स!" तो किंचाळला.

अल्पेशने लावला फोन. "पाठवतोय म्हणाले. पण भाई, रस्त्यात जाम आहे."

मंदाचे ओठ निळे पडायला लागले. स्वरूप तिच्या पायाशी बसला, डोकं धरलं. देवा खंडोबा, एकदा सोड, परत कोणाची मस्करी करणार नाही, असं तो बडबडत होता आणि मनातून त्याला ठाऊक होतं की इथे खंडोबाचा काही संबंधच नाही. समोर अल्पेशचा ट्रायपॉड त्या दिवसापासून तसाच उभा होता. वर काळी चादर. मोबाइल तर अल्पेशच्या हातात होता. चादरीखाली काही नव्हतं.

तरी आई तिकडेच बघत होती.

तेव्हा त्याला तो कुत्रा आठवला. बिनडोक्याचा. हललं ते, काका म्हणाले होते. फोटोतून सुटलं.

फोटो बदलत नव्हता. फोटो अजून निघत होता. त्या दुपारी सुरू झाला तो संपलाच नव्हता, आणि जोवर ती उभी राहील तोवर तो एकेक करून तिच्यातलं नको ते काढत राहणार होता, साहेबाला पाहिजे तशी होईपर्यंत. ओढून भागणार नव्हतं. तिने स्वतः हलायला पाहिजे होतं.

आणि आईला हलवायची रीत अख्ख्या दुनियेत एकाच माणसाला येत होती.

८

त्याने रबरी साप आणला, तिच्या पायावर टाकला. काही नाही. बापाची नक्कल केली, राघो दारू पिऊन कसा सरळ चालायचा प्रयत्न करतो ती. एरवी तिने यावर पदर तोंडात कोंबला असता. काही नाही. शेजारच्या सुगंधाकाकीचं शिंकणं करून दाखवलं. रडता रडता शिंकला तो, नाकातून पाणी वाहत होतं, आणि अल्पेश बाजूला भिंतीला टेकून बघत होता, तोंडावर हात ठेवून. स्वरूपने परत आईचं मनगट धरलं.

ठोका आला. मग बराच वेळ नुसता दर्याचा आवाज.

स्वरूपने टॉवेल ओढला, काष्टा मारला. टब शोधायला गेला, टब कुठेच नव्हता. पायरीपाशी वेताची पाटी होती, त्याच्या घरात कधीच नसलेली. तीच डोक्यावर घेतली. आईच्या अगदी पुढ्यात, नाकाला नाक लागेल असा जाऊन उभा राहिला, की तिला चादर दिसूच नये. बिनचष्म्याची झाली म्हणून काय, एवढ्या जवळचं तिला दिसायलाच पाहिजे होतं.

"ए भवान्या!" आवाज फाटला त्याचा. "बोट लावू नको! बोट लावू नको सांगते! पापलेट हाय ते..."

मंदाच्या नाकपुडीपाशी काहीतरी थरथरलं.

"...तुझा जावय न्हाय! जावय पायजे तर बोंबील घेऊन जा, तो पन वाकडाच अस्तो!"

हे नवीन होतं. हे त्याने आधी कधी म्हटलं नव्हतं.

आधी पोट हललं. मग खांदे. मग बांगड्या वाजल्या, आणि तिच्या छातीतून असा आवाज निघाला की वलांडीवरचे कावळे उडाले. मंदा हसत होती. चिमट्यातून मान सुटली, ती बाजूला कलली, पायरीवर धपकन बसली आणि डावा हात हाडाखाली दाबून धरला.

"पुरं रं... मेल्या... हसवू नको. डबा हालतो माझा!"

डबा. ती डबा म्हणाली.

अल्पेश भिंतीपाशी हसत होता आणि रडत होता. मंदाने पायरीवरचा पाण्याचा तांब्या उचलला, दोन घोट प्याली. ओठ परत लाल झाले होते. तिने सवयीने मनगट वर केलं, बघितलं, आणि कपाळाला आठी घातली.

"माझं घड्याळ कुठं लपवलंस रं, चोरा?"

स्वरूपला ओरडावंसं वाटलं. नाचावंसं वाटलं. पाटी फेकून आईच्या मांडीवर पडावंसं वाटलं.

मानेला काहीतरी थंड लागलं.

तो आईच्या पुढ्यात उभा होता, आणि आई तर सरकली होती; तिला बघायला वळताना तो तिच्याच जागी गेला होता, चादरीकडे तोंड करून. आता मागे फक्त पडदा होता, आणि पुढे ट्रायपॉड. अल्पेश भिंतीपाशी होता, त्याचं हसणं उजवीकडून ऐकू येत होतं. मोबाइल अल्पेशच्या खिशात होता. काळ्या चादरीला मात्र पाठ आली होती. कोणीतरी वाकलेलं होतं आत, मोठ्या माणसाची पाठ, आणि श्वासाबरोबर ती वरखाली होत होती. चादरीतून एक हात बाहेर आला. पांढरा, बाहीला पितळी बटण. पंजा उघडून त्याने स्वरूपला दाखवला.

पाटीवरचे हात खाली येईनात. डोळ्यात घाम गेला, मिटता येईना. अंगावरच्या टी-शर्टला ऊन लागत होतं, मग ते ऊन सरळ कातडीला लागायला लागलं.

"बस झालं सोंग," पायरीवरून मंदा म्हणाली. ती अजून हसण्यातून निवत होती, डोळे पुसत होती. "जमलं हां आज एकदम. उतरव पाटी. सरूप?"

लांबून, गावाच्या रस्त्यावरून, ॲम्ब्युलन्सचा भोंगा येत होता.

"अल्पेश, बग रं हा कसा उभा हाय. ये, पोपट कर्तो काय माझा?" मंदा उठली. जवळ आली. तिने त्याच्या गालाला हात लावला आणि तिचं हसणं गेलं.

आजवर सगळं गाव त्याला उलटंच सांगत आलं होतं.

"सरूप," ती म्हणाली. "हाल ना रं."